छोट्या दवाखान्यातली लॅब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणारे बहुतेक जण एकट्याने लॅब सांभाळतात. रक्त काढायचं, स्लाइड बघायची, रिपोर्ट लिहायचा आणि संध्याकाळी ओटा पुसायचा, सगळं त्यांच्याकडेच. म्हणून उत्तरं लिहिताना पुस्तकातली आदर्श लॅब समोर ठेवलेली नाही. एक खोली, एक मायक्रोस्कोप आणि भरवशाची नसलेली वीज, एवढंच धरून चाललो आहे.

१. लॅब नव्याने सुरू करायची आहे. कमीत कमी कोणत्या तपासण्या ठेवायच्या?

आधी डॉक्टरांना विचारा: कोणता रिपोर्ट हातात आला तर तुम्ही आजच्या आज उपचार बदलाल? त्या उत्तरातून जी यादी निघेल ती तुमची. साधारणपणे तीत हिमोग्लोबिन, साखर, लघवीची तपासणी, गरोदरपणाची तपासणी, मलेरिया, टीबीसाठी थुंकी, आणि एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बीची किटं येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये अत्यावश्यक तपासण्यांची पहिली यादी काढली. तीत लॅब नसलेल्या ठिकाणी काय करता येतं आणि लॅब असेल तर काय, असे दोन वेगळे भाग आहेत. पहिला भाग नीट जमल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका.

महिन्यातून दोनदाच मागितली जाणारी तपासणी ठेवू नये. किट उघडून पडून राहतं आणि आपला हातही बसत नाही. अशी सॅम्पलं बाहेर पाठवा (प्रश्न ११).

‘मागणी आहे, मग विडाल ठेवू का?’ हे हमखास विचारलं जातं. एकदाच केलेल्या विडालवरून टायफॉइड ठरत नाही. जुना संसर्ग, घेतलेली लस, दुसराच एखादा ताप यांमुळेही ती पॉझिटिव्ह येते. मी ठेवली नाही, आणि त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत.

२. एकच खोली आहे. चालेल का?

चालेल, पण खोलीचे दोन भाग करा, एक मळका आणि एक स्वच्छ. सॅम्पल दाराजवळच्या ओट्यावर येईल, तिथेच उघडलं जाईल. वही, रिपोर्ट आणि फोन दुसऱ्या टोकाला. रिपोर्ट लिहिणारा हात ग्लोव्ह घातलेला नसावा, एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं. हात धुवायला वाहतं पाणी हवं. नळ नसेल तर तोटी असलेली टाकी ठेवा. रिएजंटच्या (तपासणीच्या रसायनांच्या) फ्रिजमध्ये जेवणाचा डबा नको. डबा ठेवणारा बाहेरचा कुणी नसतो, आपल्यातलाच असतो, म्हणून हे लिहिलं.

३. लाइट रोज कित्येक तास जाते. काय करावं?

मायक्रोस्कोपला वीज लागतेच असं नाही. आरशाचा मायक्रोस्कोप मिळाला तर तो जपून ठेवा, खिडकीतल्या उजेडावर त्याचं काम छान चालतं. फक्त आरशावर थेट ऊन घेऊ नका, डोळ्यांना अपाय होतो.

खरी अडचण फ्रिजची. रिएजंट २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवीत. खालच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर गारवा जास्त वेळ टिकतो. दारातल्या कप्प्यात रिएजंट ठेवू नका, तिथलं तापमान सर्वांत जास्त वरखाली होतं. आत थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. सकाळी ५ आणि संध्याकाळी १४ असं सलग तीन दिवस दिसलं, तर चौथ्या दिवशीचे विचित्र रिपोर्ट कुठून आले ते शोधत बसावं लागत नाही.

मशीनला स्टॅबिलायझर आणि यूपीएस हवेत. लाइट आल्या आल्या मशीनचं बटण दाबू नका, पहिली काही मिनिटं व्होल्टेज नाचत असतं. फोटोमीटरचा (द्रावणाच्या रंगावरून प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचा) दिवा तापून स्थिर व्हायलाही १५-२० मिनिटं द्या.

४. एक मोठं ऑटोमॅटिक मशीन दान मिळतंय. घ्यावं ना?

लगेच हो म्हणू नका. आमच्याकडे असंच एक बायोकेमिस्ट्रीचं मशीन आलं होतं. हार घातले, फोटो काढले. मग कळलं की त्याला त्याच कंपनीची बारकोडवाली रिएजंट लागतात, आणि बाटली एकदा उघडली की चार आठवड्यांत संपवावी लागते. आमच्याकडे दिवसाला पाच-सहा सॅम्पलं. निम्म्याहून जास्त रिएजंट ओतून द्यावं लागायचं. नंतर पंप बिघडला, आणि दुरुस्तीला माणूस यायला तयार नव्हता. आता त्यावर ग्लोव्हजचे खोके ठेवलेले असतात.

घेण्याआधी विचारा: रिएजंट कुठल्याही कंपनीचं चालतं का? उघडल्यावर किती दिवस टिकतं? डिस्टिल्ड पाणी रोज किती लिटर लागतं? बिघडल्यावर कोण येणार, किती दिवसांत? मॅन्युअल सोबत आहे का? यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरं जरी ‘बघू’ अशी आली, तरी नम्रपणे नको म्हणा. साधं सेमी-ऑटो मशीन, ज्यात क्युवेट (मोजायचा द्रव भरायची छोटी पारदर्शक कुपी) आणि किट कुठलंही चालतं, ते अशा लॅबमध्ये कित्येक वर्षं काम देतं.

५. रिपोर्ट रुग्णाच्या तब्येतीशी जुळत नाहीत. मशीन खराब आहे का?

मशीनवर संशय घेण्याआधी सॅम्पलकडे बघा. माझ्या अनुभवात चूक बहुतेक वेळा सुई टोचण्यापासून बल्ब (रक्त भरायची नळी) मशीनला लागेपर्यंतच्या वाटेवर सापडते.

एक नेहमीचं दृश्य सांगतो. गर्दी आहे, जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये रक्त जरा जास्त भरलं गेलं आणि लाल बल्बमध्ये कमी पडलं. कुणीतरी जांभळ्यातलं थोडं लाल बल्बमध्ये ओतून दोन्ही सारखे केले. बाहेरून काहीच कळत नाही. पण जांभळ्या बल्बमधल्या ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) पोटॅशियम असतं आणि तो कॅल्शियमला बांधून ठेवतो. रिपोर्टात पोटॅशियम भयंकर वाढलेलं आणि कॅल्शियम जवळपास नाहीसं झालेलं दिसतं. दोन्ही आकडे एकत्र असे आले की समजायचं, रुग्णाला काही झालेलं नाही, बल्बची भेसळ झाली आहे. म्हणूनच भरण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी निळा, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा आणि शेवटी करडा.

दुसरं हिमोलायसिस. स्पिरिट वाळण्याआधी टोचलं, बारीक सुईने जोरात ओढलं, सिरिंजमधून दाबून बल्बमध्ये सोडलं किंवा बल्ब खडाखडा हलवला, की लाल पेशी फुटतात. सिरम (रक्त गोठल्यावर सुटणारा पातळ द्रव) गुलाबी दिसलं तर पोटॅशियम सांगूच नका, परत रक्त घ्या. लाल बल्ब सेंट्रिफ्यूजला (गरगर फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्राला) लावण्याआधी अर्धा तास उभा ठेवून क्लॉट (गुठळी) पूर्ण होऊ द्या.

तिसरं, नावं. एकाच दिवशी एकाच नावाच्या दोन बाया येतात, आणि त्या शेजारी शेजारीच बसलेल्या असतात. बल्बवर नाव आणि वहीतला नंबर रुग्ण समोर असतानाच, रक्त घेतल्यावर लगेच लिहा. आधीच नावं लिहून ठेवलेल्या बल्बांच्या रांगेत अदलाबदल होते. ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारू नका, माणसं हो म्हणतात. ‘नाव सांगा’ म्हणा.

६. सकाळी घेतलेलं रक्त दुपारी लावलं तर साखर बरोबर येईल का?

साध्या बल्बमध्ये तसंच ठेवलं असेल तर नाही. काढलेल्या रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात. खोलीच्या तापमानाला ती तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. म्हणजे सकाळची १४० पाच तासांत शंभराच्या आसपास येते, आणि मधुमेह असलेल्या माणसाला ‘नॉर्मल’चा रिपोर्ट मिळतो. उन्हाळ्यात घट आणखी वेगाने होते.

यासाठी करडा, म्हणजे फ्लोराइडचा बल्ब असतो. मात्र फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तासभर किंवा त्याहून जास्त लागतो, तोवर थोडी घट होतेच. सर्वांत चांगलं म्हणजे अर्ध्या तासाच्या आसपास सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा (पेशींशिवायचा द्रव) वेगळा काढणं.

ग्लुकोमीटर वापरत असाल तर बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. फळ कापलेल्या हाताची साखर भलतीच जास्त येते. रक्त खूप कमी असलेल्या रुग्णातही बरेच ग्लुकोमीटर साखर जास्त दाखवतात.

७. हिमोग्लोबिनसाठी साहली पद्धत चालेल का?

दुसरं काही नसेल तर चालेल, पण तिची मर्यादा ओळखून. २० मायक्रोलिटर रक्त एन/१० हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये घालून दहा मिनिटं थांबायचं आणि मग थेंब थेंब पाणी घालत रंग जुळवायचा. चुका नेमक्या इथेच होतात. घाईत पाच मिनिटांतच रंग जुळवला की आकडा कमी येतो. जुन्या काचपट्टीचा रंग विटलेला असतो. शिवाय दोन माणसांच्या डोळ्यांत एकेक ग्रॅमचा फरक सहज पडतो. गरोदर बाईत ११ ग्रॅमच्या खाली अ‍ॅनिमिया धरतात, तिथे एक ग्रॅम म्हणजे निदानच बदललं.

फोटोमीटर असेल तर ड्रॅबकिन द्रावणाची पद्धत घ्या. त्यात सायनाइड असतं: तोंडाने पिपेट कधीही नाही, आणि उरलेलं द्रावण अ‍ॅसिडमध्ये मिसळू देऊ नका, विषारी वायू निघतो. क्युवेटवालं छोटं मीटर सर्वांत सोपं, पण क्युवेटच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमटपणाने ती वाया जातात. बोटातून घेताना पहिला थेंब पुसा आणि बोट पिळू नका.

८. रोज कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल) लावणं परवडत नाही. आठवड्यातून एकदा लावला तर?

मग उरलेल्या सहा दिवसांचे रिपोर्ट नशिबावर. तरी अडचण खरी आहे, म्हणून स्वस्तातले उपाय सांगतो.

हिमोग्लोबिनसाठी काल तपासलेल्या दोन-तीन रुग्णांचे जांभळे बल्ब रात्री फ्रिजमध्ये ठेवा आणि आज पहिल्यांदा तेच लावा. हिमोग्लोबिन चोवीस तास टिकतं. काल ९.४ आणि आज १०.९ आलं, तर नव्या रुग्णाचं रक्त मशीनला लावण्याआधी थांबा. बायोकेमिस्ट्रीसाठी उरलेलं स्वच्छ सिरम (गुलाबी, पिवळंजर्द किंवा दुधाळ नको, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह असलेलंच) एकत्र करून छोट्या नळ्यांत गोठवा आणि रोज एक नळी काढा. एकदा वितळलेली परत गोठवायची नाही. विकतचा कंट्रोल मग अधूनमधून, आणि नवीन किट उघडल्यावर नक्की लावा. घरच्या सिरमवरून आकडा सरकतोय हे कळतं. तो मुळात बरोबर आहे का, हे मात्र विकतचा कंट्रोलच सांगतो.

आकडा नुसता वहीत लिहू नका, आलेखावर टिंब मांडा. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये सुचवलेला हा तक्ता साध्या चौकटीच्या कागदावर काढता येतो. वीस दिवसांचे आकडे घेऊन सरासरी आणि एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) काढा. टिंब दोन एसडीच्या बाहेर गेलं तर सावध व्हा. वीसातून एकदा तसं आपोआपही होतं, म्हणून पुन्हा लावून बघा. तीन एसडीच्या बाहेर गेलं तर रिपोर्ट थांबवा. आणि सलग दहा टिंबं सरासरीच्या एकाच बाजूला पडत असतील, तर प्रत्येक टिंब ‘मर्यादेत’ असूनही काहीतरी बिघडत चाललंय: दिवा मंदावतोय, रिएजंट जुनं होतंय किंवा पिपेट सरकलंय.

९. मलेरियाचं किट आहे, मग स्लाइड कशाला? आणि औषध पूर्ण झाल्यावरही किट पॉझिटिव्ह का येतं?

फाल्सिपॅरमची बरीच किटं एचआरपी२ नावाचं प्रथिन शोधतात. परजीवी मेल्यावरही ते रक्तात कित्येक आठवडे राहतं. म्हणजे रुग्ण बरा झालाय आणि किट अजून जुनीच गोष्ट सांगतंय. उपचार लागू पडले का हे बघायला स्लाइडच हवी. उलटही होतं: काही परजीवींत या प्रथिनाचं जनुकच नसतं, तेव्हा किट निगेटिव्ह आणि स्लाइड भरलेली. ताप मलेरियाचाच वाटतोय आणि किट निगेटिव्ह आहे, तर स्लाइड बघा.

जाड स्मिअर (स्लाइडवर पसरलेला रक्ताचा थर) मिथेनॉलने फिक्स करायचा नाही, पातळ करायचा. जाड स्मिअरमधल्या लाल पेशी स्टेनच्या (रंगाच्या) पाण्यात फुटून जाव्या लागतात. जिम्सा या स्टेनसाठी पाण्याचा पीएच ७.२ हवा. निगेटिव्ह म्हणण्याआधी ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून, सर्वांत मोठं करून) जाड स्मिअरची निदान १०० फील्ड (एका वेळी दिसणारे गोल) बघा. मोजायचं असेल तर २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी दिसले ते धरून ४० ने गुणा. ३० दिसले तर मायक्रोलिटरला १२००. (यात पांढऱ्या पेशी ८००० धरलेल्या असतात, प्रत्यक्ष मोजणी हातात असेल तर ती वापरा.)

१०. टीबीच्या थुंकीची स्लाइड निगेटिव्ह, पण डॉक्टर म्हणतात टीबीच आहे. कोण बरोबर?

दोघंही असू शकतात. स्लाइडवर जंतू दिसायला थुंकीच्या दर मिलीलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. मुलं आणि एचआयव्हीबाधित यांच्यात ते बऱ्याचदा कमी असतात. जीनएक्सपर्ट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासण्या) यांची सोय जिथे असेल तिथे सॅम्पल पाठवाच.

आधी सॅम्पल बघा: लाळ आहे की छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका? डबी देताना ‘खोल श्वास घ्या, आतून खोकून काढा’ हे करून दाखवा, आणि हे मोकळ्या हवेत करायला सांगा. बंद खोलीत नको, संडासात तर नकोच.

खोट्या पॉझिटिव्हबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच लिहितो. टीबीची स्लाइड धुऊन पुन्हा वापरू नका. ओरखड्यांत अडकलेले जुने जंतू नव्या रुग्णाच्या नावावर जातात. तेलाच्या बाटलीची कांडी स्लाइडला टेकवू नका, थेंब वरून सोडा. टाकीच्या पाण्यातही अ‍ॅसिड-फास्ट (टीबीच्या जंतूसारखाच रंग धरणारे) जंतू असू शकतात, तेव्हा स्टेन बनवायला डिस्टिल्ड पाणीच घ्या.

११. सॅम्पल मोठ्या लॅबला पाठवताना बर्फात घालायचं ना?

सरसकट नाही. पूर्ण रक्त गार केलं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. आधी सिरम वेगळं काढा आणि तेच गार पाठवा. बर्फाचा पॅक बल्बला चिकटू देऊ नका, रक्त गोठलं की पेशी फुटल्याच. तीन आवरणं हवीत: घट्ट झाकणाचा बल्ब, त्याभोवती कापूस घालून न गळणारी पिशवी, आणि बाहेर कडक डबा. फॉर्म आतल्या पिशवीच्या बाहेर ठेवा. रक्ताने भिजलेला फॉर्म कुणी वाचत नाही.

१२. ब्लीच किती कडक करायचं? आणि सुई टोचली तर?

बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी घेतलं की १ टक्का होतं. सांडलेल्या रक्तासाठी हेच: आधी कागद किंवा कापड टाका, त्यावर ओता, किमान दहा मिनिटं थांबा, मग उचला. रोज ताजं करा. अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका आणि ब्लीच घातलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात) घालू नका.

सुईला टोपी परत घालायची नाही. वापरलेली सुई सरळ शार्प्सच्या डब्यात, आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. टोचलीच तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच लावू नका. संसर्ग झालेल्या रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस बीचा, लस न घेतलेल्याला, ६ ते ३० टक्के. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस काम सुरू करण्याआधीच घ्या. लाजून किंवा ओरडा खाण्याच्या भीतीने लपवणारे खूप बघितलेत.

१३. किटची एक्स्पायरी होऊन आठच दिवस झालेत, कंट्रोल लाइनही येतेय. वापरू का?

नाही. कंट्रोल लाइन एवढंच सांगते की द्रव पट्टीवरून पुढे सरकला. कमी प्रमाणातला पॉझिटिव्ह पकडण्याची ताकद पट्टीत उरली आहे का, हे ती सांगत नाही. उलट, तारीख बाकी असली तरी उन्हात तापलेल्या खोक्यातलं किट गेलेलं असू शकतं.

१४. प्लेटलेट १८,००० आल्या, पण रुग्ण ठणठणीत आहे. फोन करू की थांबू?

दोन मिनिटं थांबा, त्याहून जास्त नाही. काडीने बल्ब ढवळून क्लॉट आहे का बघा. मग स्मिअर बघा, विशेषतः शेपटीकडची कड. प्लेटलेटचे पुंजके दिसले तर मशीनने ते मोजलेच नाहीत. काही लोकांच्या रक्तात ईडीटीएमुळेच पुंजके होतात. निळ्या बल्बमध्ये पुन्हा रक्त घ्या आणि आलेला आकडा १.१ ने गुणा. पुंजके नसतील तर दहा ऑइल फील्डमधल्या प्लेटलेटची सरासरी काढून १५,००० ने गुणा. तीही कमी आली तर लगेच फोन, आणि डॉक्टरांकडून आकडा परत म्हणवून घ्या.

१५. रक्तगट जुन्या कार्डाशी जुळत नाही. कोणता लिहू?

आत्ता कोणताच नाही. नवीन सॅम्पल घ्या, ज्ञात ए आणि बी पेशींवर अँटिसिरा (गट ओळखायची द्रावणं) तपासा, आणि फॉरवर्डबरोबर (रुग्णाच्या पेशींवरून) रिव्हर्स ग्रुपिंगही (त्याच्या सिरमवरून) करा. टाइलवर दोन मिनिटांनंतर वाचू नका, वाळलेली कड गुठळीसारखी दिसते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर दोन प्रकारच्या पेशी एकत्र दिसतात. पहिल्या चार-सहा महिन्यांच्या बाळात रिव्हर्सवर विसंबता येत नाही. आरएच निगेटिव्ह-पॉझिटिव्हचा गोंधळ असेल तर वीक डी (आरएचचा कमजोर प्रकार) असू शकतो, ते मोठ्या लॅबकडून करून घ्या. कार्डावरचा गट बघून तपासणीच न करणं हा यातला सर्वांत घातक प्रकार.

१६. रुग्ण लांबून चालत आलाय, जांभळ्या बल्बात क्लॉट आहे, डॉक्टर म्हणतात ‘अंदाजे आकडा सांग’. काय करू?

सांगू नका. क्लॉटमध्ये पेशी अडकलेल्या असतात, त्यामुळे प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी येतातच, हिमोग्लोबिनही भरवशाचं राहत नाही. आकडा केसपेपरवर उतरतो, ‘अंदाजे’ हा शब्द मात्र फोनवरच राहतो. वहीत लिहा: ‘क्लॉट, तपासणी केली नाही.’ रुग्णाला परत पाठवायचं नाही. दुसरी शीर सापडत नसेल तर बोटातून घ्या. तेवढ्या रक्तात हिमोग्लोबिन, ग्लुकोमीटरवर साखर, मलेरियाचं किट आणि जाड-पातळ स्मिअर होतात. डॉक्टरांना यांतलं आधी कोणतं हवं ते विचारून घ्या आणि त्याच क्रमाने लावा.